मुरमांवरचा प्रकाश आणि पुराव्याची कसोटी

मुरूम किंवा तारुण्यपीटिका हा त्वचेचा इतका सार्वत्रिक विकार आहे की पुष्कळ घरांत तो विकार मानलाच जात नाही. वयात आले की येतात आणि वयाबरोबर जातात, एवढ्या आश्वासनावर मुलामुलींची बोळवण होते. बारा ते चोवीस या वयोगटातील सुमारे ८५ टक्के व्यक्तींना कमीअधिक प्रमाणात मुरूम होतात असा वैद्यकातील सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांचे मुरूम कालांतराने खरोखरच मावळत असले, तरी काहींच्या चेहऱ्यावर ते कायमचे व्रण आणि मनावर त्याहून खोल ओरखडे ठेवून जातात. या विकारावर औषधाऐवजी यंत्राने, म्हणजे प्रकाश, लेसर किंवा उष्णता यांच्या साहाय्याने उपचार करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. असे यंत्र खरोखर गुणकारी आहे की नाही हे ठरवण्याचे शास्त्र मात्र सामान्य वाचकाच्या फारसे परिचयाचे नाही. यंत्र विकत घेणारा दवाखाना आणि उपचारासाठी पैसे मोजणारा रुग्ण या दोघांचेही हित त्या शास्त्रात गुंतलेले असल्यामुळे ते समजून घेणे अगत्याचे आहे.

मुरूम निर्माण होण्याची प्रक्रिया चार गोष्टींच्या संयोगातून घडते. त्वचेवरील प्रत्येक रोमकूपाला, म्हणजे केस जिथून उगवतो त्या सूक्ष्म नळीला, एक तैलग्रंथी जोडलेली असते आणि ती सीबम नावाचा स्निग्ध पदार्थ स्रवते. पौगंडावस्थेत ॲण्ड्रोजेन या गटातील संप्रेरकांमुळे ही ग्रंथी मोठी होऊन सीबम अधिक पाझरू लागते. त्याच वेळी रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशींचा थर साचून बूच बसते, आत अडकलेल्या स्निग्ध पदार्थावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू पोसला जातो आणि अखेर त्या जागी दाह, म्हणजे लाली, सूज व वेदना, उत्पन्न होतो. बेन्झॉइल पेरॉक्साइड, रेटिनॉइड गटातील मलमे, प्रतिजैविके आणि गंभीर मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन ही आजची प्रस्थापित औषधे या साखळीच्या एका किंवा अनेक कड्यांवर आघात करतात. त्यांची परिणामकारकता सिद्ध झालेली असली तरी प्रत्येकाला मर्यादा आहेत. मलमांनी त्वचा कोरडी होते आणि जळजळते, प्रतिजैविकांच्या दीर्घ वापराने जिवाणूंमध्ये प्रतिरोध वाढतो, तर अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळालेले आयसोट्रेटिनॉइन अतिशय प्रभावी असूनही गरोदरपणात घेतल्यास गर्भात गंभीर जन्मजात व्यंगे निर्माण करते. रोज गोळी घ्यावी लागू नये, जिवाणू औषधाला सरावू नयेत आणि परिणाम त्वचेपुरताच मर्यादित राहावा, या अपेक्षेतून यंत्रोपचाराचा शोध सुरू झाला.

क्ष-किरणांचा धडा

मुरमांवरील यंत्रोपचाराचा इतिहास लेसरच्या कितीतरी आधी सुरू होतो. रोंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर थोड्याच वर्षांत त्वचारोगांवर त्यांचा वापर होऊ लागला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत व युरोपात असंख्य तरुण रुग्णांच्या चेहऱ्यावर मुरमांसाठी क्ष-किरणांचा मारा करण्यात आला. हा उपचार निष्फळ नव्हता, ही बाब येथे विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. क्ष-किरणांमुळे तैलग्रंथी आकसत, सीबमचे प्रमाण घटे आणि मुरूम कमी झालेले रुग्णाला व वैद्याला दोघांनाही डोळ्यांनी दिसत. त्याची किंमत मात्र काही दशकांनी मोजावी लागली. किरणोत्सर्ग झालेल्या भागातील त्वचा विरळ व जीर्ण होणे, त्वचेचे कर्करोग आणि चेहऱ्याला लागूनच असलेल्या थायरॉइड ग्रंथीच्या गाठी व कर्करोग यांचा संबंध तारुण्यात घेतलेल्या त्या उपचाराशी असल्याचे पुढे आढळून आले.

मुरूम कमी झाले एवढ्या एकाच निकषावर यंत्राची पारख केली असती, तर क्ष-किरणांचे यंत्रही त्या परीक्षेत उत्तीर्णच झाले असते. म्हणून यंत्रोपचाराच्या कोणत्याही चाचणीला चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात: विकार कमी झाला का, तो यंत्रामुळेच कमी झाला का, ही सुधारणा किती काळ टिकली आणि तिच्यासाठी शरीराला काय सोसावे लागले. यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर आरशातही दिसू शकते. उरलेल्या तिन्हींसाठी काटेकोर रचना, तुलना आणि वेळ यांची गरज असते.

प्रकाश नेमका कुठे पोहोचतो

आजच्या यंत्रांमागील विचार क्ष-किरणांपेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहे. त्यांतील एक मार्ग जिवाणूंवर रोख धरतो. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू पॉर्फिरिन नावाची द्रव्ये तयार करतो आणि ही द्रव्ये सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश जोमाने शोषून घेतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. प्रकाश शोषल्यावर पॉर्फिरिनपासून ऑक्सिजनची अत्यंत क्रियाशील रूपे निर्माण होऊन जिवाणूला इजा होते. निळा प्रकाश त्वचेत फार खोल शिरत नाही, त्यामुळे काही उपकरणांत त्याला अधिक खोल जाणाऱ्या तांबड्या प्रकाशाची जोड देण्यात येते.

दुसरा मार्ग थेट तैलग्रंथीकडे जातो. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये असे मांडले की, शरीरातील एखादे द्रव्य जी तरंगलांबी इतरांपेक्षा अधिक शोषते ती निवडली आणि प्रकाशाचा स्पंद पुरेसा अल्पकाळ ठेवला, तर उष्णता आजूबाजूला पसरण्यापूर्वीच तेवढे लक्ष्य तापवून नष्ट करता येते. नको असलेले केस किंवा जन्मखुणा घालवणाऱ्या लेसरचे काम याच तत्त्वावर चालते. तैलग्रंथीच्या बाबतीत अडचण अशी होती की तिच्याभोवतीची त्वचा पाण्याने भरलेली आहे, आणि बहुतेक अवरक्त तरंगलांब्या पाणीच अधिक शोषते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या जेफर्सन प्रयोगशाळेच्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरचा उपयोग करून अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की, काही मोजक्या तरंगलांब्यांना स्निग्ध पदार्थ पाण्यापेक्षा अधिक ऊर्जा शोषतात. त्यांतील एक १७२० नॅनोमीटरच्या आसपास आहे. पुढे या पट्ट्यातील १७२६ नॅनोमीटर ही तरंगलांबी वापरणारी लेसर यंत्रे तयार झाली. त्वचेचा पृष्ठभाग गार ठेवून आत साधारण मिलिमीटरच्या आसपास खोलीवर असलेली तैलग्रंथी तापवणे, ही त्यांची रीत आहे.

तत्त्व पटण्यासारखे आहे म्हणून उपचार सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत स्निग्ध पदार्थ तापणे आणि माणसाच्या चेहऱ्यावरील मुरूम सहा महिन्यांनंतरही कमी असणे, या दोन गोष्टींमधले अंतर केवळ रुग्णांवरील पद्धतशीर चाचणीनेच ओलांडता येते.

मोजायचे काय आणि कोणी

मुरमांची चाचणी दिसते त्याहून अवघड असते, कारण हा विकार स्वभावतःच चंचल आहे. मासिक पाळी, ताण, ऋतुमान, झोप अशा अनेक कारणांनी तो आठवड्या-आठवड्याला उतरतो आणि चढतो. शिवाय माणूस चाचणीत नाव नोंदवतो तो बहुधा चेहरा सर्वात वाईट असतानाच. अशा टोकाच्या अवस्थेनंतर काहीही न करता थोडी सुधारणा होण्याचा संभव मुळातच अधिक असतो, आणि संख्याशास्त्रात या प्रवृत्तीला सरासरीकडे परतणे म्हणतात. त्यात भर अशी की चाचणीत आलेली व्यक्ती चेहरा अधिक नेमाने धुऊ लागते, मुरूम पिळायचे टाळते आणि आपण सुधारतो आहोत या विश्वासाने आरशात पाहते. म्हणून उपचाराआधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवून केलेला दावा, छायाचित्रे कितीही खरी असली, तरी स्वतःच्या बळावर पुरावा ठरत नाही.

मोजणीची पद्धत आधीच ठरवून लिहून ठेवावी लागते. सर्वसाधारणपणे परीक्षक चेहऱ्यावरील दाहयुक्त मुरूम, म्हणजे लालसर पुटकुळ्या, पू भरलेल्या पुळ्या आणि गाठी, वेगळे मोजतो आणि ब्लॅकहेड व व्हाइटहेड या नावांनी ओळखले जाणारे दाहविरहित मुरूम वेगळे मोजतो. त्याशिवाय संपूर्ण चेहऱ्याला शून्य ते चार अशा श्रेणीत एकच गुण दिला जातो आणि त्यात शून्य म्हणजे स्वच्छ त्वचा. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन मुरमांच्या औषधांकडून या दोन्ही मोजमापांत यश मागते. या गुणश्रेणीत किमान दोन पायऱ्यांची सुधारणा होऊन त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ व्हावी लागते, आणि मुरमांची संख्याही घटावी लागते. नुसती टक्केवारी फसवी ठरते, कारण साठ मुरमांचे तीस झाले तर घट पन्नास टक्क्यांची असते, पण तीस मुरूम असलेला चेहरा त्या व्यक्तीला बरा झाल्यासारखा वाटत नाही. छायाचित्रेही एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून आणि कॅमेऱ्याची मांडणी न बदलता काढावी लागतात, कारण दिव्याचा कोन थोडा बदलला तरी उंचवट्याची सावली नाहीशी होते आणि तेच डोळ्यांना सुधारणा म्हणून दिसते.

तुलनेसाठी दुसरा गट लागतो आणि कोणाला कोणत्या गटात घालायचे हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे नाणेफेकीसारख्या केवळ योगायोगावर सोपवून, ठरवावे लागते. औषधाच्या चाचणीत तुलनागटाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते. यंत्राच्या चाचणीत मात्र आवाज, झगमगाट, गारवा आणि चटका यांचेही अनुकरण करणारा आभासी उपचार योजावा लागतो, आणि चटक्याचे अनुकरण करणे सर्वात कठीण असते. रुग्णाला आपल्या वाट्याला काय आले ते ओळखता आले तरीही निदान मुरूम मोजणाऱ्याला ते कळू नये, ही किमान अट असते. यावर काढलेली एक युक्ती म्हणजे अर्धचेहरा चाचणी, ज्यात चेहऱ्याच्या एका बाजूवर यंत्र वापरले जाते आणि दुसरी बाजू तुलनेसाठी तशीच ठेवली जाते. वय, संप्रेरके, आहार आणि ताण दोन्ही बाजूंना सारखेच असल्यामुळे ही तुलना चोख होते. मात्र उपचाराचा परिणाम रक्तावाटे किंवा प्रतिकारयंत्रणेमार्फत दुसऱ्या बाजूलाही पोहोचत असेल, तर दोन बाजूंमधला फरक प्रत्यक्षापेक्षा कमी भासण्याचा धोका राहतो.

एकच लेसर, दोन निष्कर्ष

या सूक्ष्म गोष्टींचे महत्त्व किती, हे स्पंदित रंजक लेसरच्या इतिहासातून स्पष्ट होते. मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या विकारांवर वापरला जाणारा हा पिवळ्या प्रकाशाचा लेसर सौम्य मात्रेत मुरमांवर वापरून पाहण्यात आला. लंडनमधील संशोधकांनी २००३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात ४१ प्रौढ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३१ जणांना लेसर आणि १० जणांना आभासी उपचार मिळाला होता, आणि रुग्ण व परीक्षक या दोघांपासूनही वाटणी झाकून ठेवली होती. बारा आठवड्यांनंतर लेसरगटात मुरमांची एकूण संख्या ५३ टक्क्यांनी घटली होती, तर आभासी गटात ती केवळ ९ टक्क्यांनी घटली होती. हा निष्कर्ष मोठ्या आशेने पाहिला गेला.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'जामा' या नियतकालिकात ४० रुग्णांवरील अर्धचेहरा चाचणी प्रसिद्ध केली. सौम्य मात्रेत वापरलेल्या त्याच जातीच्या लेसरने उपचार केलेली आणि न केलेली बाजू यांत बारा आठवड्यांनी कोणताही लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. दोन्ही चाचण्या प्रामाणिक होत्या, दोन्ही यादृच्छिक होत्या आणि दोन्ही जगन्मान्य नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या होत्या, तरी उत्तरे परस्परविरुद्ध आली. पहिल्या चाचणीत आभासी गट अवघा दहा जणांचा होता आणि एवढ्या छोट्या गटात दोन-तीन रुग्णांचे नैसर्गिक चढउतारही सरासरी हलवू शकतात. दुसऱ्या चाचणीत त्याच चेहऱ्याची दुसरी बाजू तुलनेला होती, त्यामुळे परिणाम पलीकडे पोहोचल्याची शंका सर्वस्वी फेटाळता येत नव्हती. एका चाचणीवर, ती कितीही नामांकित असली, उपचारपद्धती उभारता येत नाही, हा या प्रसंगाचा अर्थ आहे.

पुढे मुरमांवरील प्रकाशोपचारांच्या चाचण्या बऱ्याच झाल्या. वैद्यकीय पुराव्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ मधील आढाव्यात अशा ७१ चाचण्या आणि ४,२११ रुग्ण समाविष्ट होते. एवढी संख्या असूनही उच्च दर्जाचा पुरावा उपलब्ध नाही, असाच त्याचा निष्कर्ष निघाला. अनेक चाचण्या छोट्या होत्या, प्रत्येकात वेगळे यंत्र, वेगळी मात्रा आणि वेगळी मोजणी होती, त्यामुळे त्यांची बेरीज करून एक ठाम उत्तर मिळवणे शक्य झाले नाही. चाचण्या पुष्कळ असणे आणि पुरावा भक्कम असणे यांतला भेद इतका स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण त्वचारोगशास्त्रात क्वचितच सापडेल.

नव्या लेसरची परीक्षा

१७२६ नॅनोमीटरच्या एका लेसर यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२२ मध्ये बाजारात आणण्यास संमती दिली. त्यामागील मुख्य चाचणीत सात केंद्रांवरील १०४ रुग्णांना काही आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा उपचार देण्यात आला. दाहयुक्त मुरूम निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटणे, हा यशाचा निकष होता. शेवटच्या उपचारानंतर चार आठवड्यांनी ३२.६ टक्के, बारा आठवड्यांनी ७९.८ टक्के आणि सव्वीस आठवड्यांनी ८७.३ टक्के रुग्णांनी तो निकष गाठला. उपचार थांबल्यानंतरही सुधारणा वाढत जाणे ही उत्साह वाढवणारी बाब आहे आणि तैलग्रंथीला झालेल्या दीर्घकालीन बदलाच्या कल्पनेशी ती जुळतेही. तथापि या चाचणीत तुलनागट नव्हता आणि आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून ८७ टक्क्यांपैकी किती वाटा लेसरचा, किती काळाचा आणि किती सरासरीकडे परतण्याचा, याची विभागणी या आकड्यांवरून करता येत नाही. आकडे खरे आहेत, परंतु 'यंत्रामुळेच का' या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर अर्धेच आहे.

संमती या शब्दाचा अर्थही येथे नीट समजून घ्यायला हवा. मध्यम जोखमीची बहुतेक यंत्रे अमेरिकेत ज्या मार्गाने बाजारात येतात, त्यात उत्पादकाने आपले यंत्र आधीपासून बाजारात असलेल्या एखाद्या यंत्राशी मूलतः समतुल्य आहे असे दाखवायचे असते. नव्या औषधाला सामान्यतः लागणाऱ्या मोठ्या तुलनात्मक चाचण्यांइतका पुरावा या मार्गाला दर वेळी आवश्यक नसतो. त्यामुळे जाहिरातीत प्रशासनाच्या संमतीचा उल्लेख असला तरी त्यावरून पुराव्याची खोली कळत नाही.

सावळी त्वचा आणि भारतीय नियम

भारतीय वाचकाच्या दृष्टीने सर्वात जिव्हाळ्याचा प्रश्न त्वचेच्या रंगाचा आहे. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात त्वचेचे पुढे सहा प्रकार झाले आणि बहुसंख्य भारतीयांची त्वचा त्यांतील गडद छटांच्या बाजूला येते. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, दृश्य प्रकाश भरपूर शोषते. म्हणून गोऱ्या त्वचेवर निर्धोक ठरलेली मात्रा सावळ्या त्वचेवर भाजू शकते किंवा मागे काळे डाग ठेवू शकते, आणि आपल्याकडे पुष्कळ रुग्णांना मुरमांपेक्षा त्यांच्या डागांचाच अधिक त्रास होतो. १७२६ नॅनोमीटरच्या आसपास मेलॅनिन फारच थोडे शोषण करते, त्यामुळे सर्व रंगांच्या त्वचेसाठी हे लेसर सुरक्षित असण्याची शक्यता तत्त्वतः चांगली आहे. तरीही तत्त्वाला पुराव्याची जोड हवी असेल, तर चाचणीत गडद त्वचेचे रुग्ण पुरेशा संख्येने असले पाहिजेत आणि डागांची नोंद मुरमांइतक्याच काळजीने व्हायला हवी.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यांत उपकरणांचे जोखमीनुसार अ ते ड असे चार वर्ग केले असून नव्या उपकरणाची आधी लहान पथदर्शी आणि नंतर मोठी निर्णायक चाचणी अशा पायऱ्या मानल्या आहेत. चाचणीचा आराखडा नैतिकता समितीने तपासावा लागतो. सहभागी व्यक्तीला धोके, पर्याय आणि कधीही माघार घेण्याचा अधिकार समजेल अशा भाषेत सांगून लेखी संमती घ्यावी लागते. अठरा वर्षांखालील रुग्ण असेल तर पालकांच्या संमतीबरोबर त्याचा स्वतःचा होकारही विचारात घ्यावा लागतो, आणि मुरमांच्या चाचणीत तर हा प्रसंग वारंवार येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका संस्थेमार्फत चालणाऱ्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया या नोंदवहीचे काम २००७ मध्ये सुरू झाले, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिच्यात नोंदणी चाचणी सुरू होण्यापूर्वीच करावी लागते. काय मोजणार हे अगोदर जाहीर झाल्यामुळे निकाल पाहून सोयीचा निकष निवडण्याला आळा बसतो. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते, ही सामान्य माणसाच्या हाती असलेली मोठी सोय आहे.

एखाद्या दवाखान्यात नवे यंत्र सुचवण्यात आले, तर रुग्णाने किंवा पालकांनी काही साधे प्रश्न विचारणे त्यांच्या हक्काचे आहे. चाचणीत तुलनागट होता का? मोजणाऱ्याला वाटणी ठाऊक होती का? रुग्ण किती काळ पाहिले गेले, किती जण मध्येच गळाले आणि त्यांचा हिशेब निकालात धरला का? आपल्या रंगाच्या त्वचेवर किती जणांना उपचार दिला? आणि तेवढ्याच खर्चात सिद्ध झालेल्या औषधाने काय साध्य होते? या प्रश्नांनी वैद्याचा अवमान होत नाही, कारण चांगला वैद्य हेच प्रश्न यंत्र विकायला आलेल्याला आधीच विचारतो.

मुरूम हा जिवावर बेतणारा विकार नाही, आणि याच कारणाने त्यावरील यंत्राची परीक्षा अधिक कडक असायला हवी. जिवावर बेतलेल्या आजारात माणूस मोठा धोका पत्करतो आणि ते समर्थनीयही असते. मुरमांचा रुग्ण मात्र बहुधा निरोगी, तरुण आणि पुढे पन्नास-साठ वर्षे जगणारा असतो, म्हणून उपचाराचे बरेवाईट परिणाम त्याच्याबरोबर तेवढाच काळ राहतात. क्ष-किरणांखाली बसलेली ती मुलेमुलीही आरसा पाहून समाधानाने घरी गेली होती. त्यांच्या सोसण्यातून मिळालेल्या धड्याचे मोल राखायचे असेल, तर नव्या यंत्राचा निर्णय पहिल्या तीन महिन्यांच्या आरशावर सोपवून चालणार नाही. तुलनागट ठेवून, सर्व रंगांच्या त्वचेचे रुग्ण घेऊन आणि उपचारानंतरची अनेक वर्षे त्यांची विचारपूस करूनच तो घ्यायला हवा.